दोन कोटी डॉलरची शिकवणी

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. दापोडीहून फुगेवाडी, कासारवाडी ओलांडून भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी शिरलात तर शटरं खाली, टपऱ्यांवर शुकशुकाट, आणि रस्त्यावर पोरांचं क्रिकेट. साखरपुड्याची तारीख काढतानासुद्धा इथला माणूस आधी विचारतो, "गुरुवार बसतोय का बघा." बाहेरगावच्या सोयऱ्यांना वाटतं, दत्ताचा वार म्हणून असेल. दत्ताचा काही संबंध नाही. वीज पुरत नव्हती. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली की एक दिवस वीज पडून राहायची आणि बाकीचे सहा दिवस ओढाताण व्हायची. म्हणून भागाभागाला सुट्टीचे वार वाटून दिले गेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. विजेची टंचाई आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. वार तेवढा राहिला.

माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपात होते. घरी कुणी हा गुरुवार कधी ठरवला असं विचारलं की ते म्हणायचे, "वरून आलं." वीज, तिचा दर, तिचं जाणं-येणं, सगळंच वरून येतं अशी आमची समजूत होती. पावसासारखी. ज्या खोलीत हे ठरतं तिथे कुणीतरी बसलेलं असतं, आणि तिथे आपलाही माणूस बसावा म्हणून पगार घेणारी माणसं असतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्या माणसांच्या कार्डावर हल्ली 'गव्हर्नमेंट अफेअर्स', 'कॉर्पोरेट अफेअर्स', 'रेग्युलेटरी' असलं काहीतरी छापलेलं असतं. आमच्याकडे एकच शब्द आहे: लायझनिंग. या धंद्याची सगळ्यात खालची पायरी कुठल्याही औद्योगिक वसाहतीत रोज दिसते. खांद्याला बॅग, बॅगेत प्लास्टिकची फोल्डरं, मोटरसायकलच्या टाकीवर अडकवलेला एखादा नकाशा. वाढीव लोडची मंजुरी, फर्म कोटेशन, विद्युत निरीक्षकाचा दाखला, प्रदूषण मंडळाची संमती, अशी कामं हा माणूस करतो. कुठल्या टेबलावरच्या बाई जेवणानंतर फाइल बघतात आणि कुठल्या साहेबांपुढे कागद मंगळवारीच ठेवायचा, हे त्याला पाठ असतं. कारखानदाराला लेथ चालवायचा असतो; कार्यालयाच्या जिन्यावर आयुष्य घालवायचं नसतं. मधलं अंतर हा माणूस चालतो आणि त्याचे पैसे घेतो. यात दरवेळी लाच असते असं समजू नये. पुष्कळदा फक्त माहिती असते: फाइल कुठे आहे, कशासाठी अडलीय, आणि काय जोडलं की सुटेल. वरच्या पायरीवरच्या माणसाचं कामही मुळात हेच. फक्त त्याची फाइल हजारो कोटींची असते आणि जिना मंत्रालयाचा किंवा दिल्लीचा.

दापोडीला सरकारदरबाराची ओळख तशी जुनी. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचे इंग्रज गव्हर्नर पावसाळ्यात इथल्या बंगल्यात राहायला येत. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचा जुलै १८३८ मध्ये मृत्यू झाला तोही इथेच. ज्याला गव्हर्नरची गाठ घ्यायची तो पावसात घोडा दामटत मुळेकाठी आला असणार. पुढे गव्हर्नर गणेशखिंडीत गेले आणि दापोडी कारखान्यांची झाली.

पण वीज आणि सरकार यांचं नातं पाहायचं तर बंगल्यापेक्षा नदी बरी. हॅरिस पुलावर उभं राहा. वरच्या अंगाला पवना येऊन मुळेला मिळते. ही मुळा उगवते मुळशीच्या डोंगरात, पण तिथल्या पावसाचं सगळं पाणी आपल्याकडे येत नाही. मुळशीच्या धरणातलं पाणी टाटांची कंपनी घाटाखाली भिऱ्याला सोडते, तिथे जनित्रं फिरतात आणि वीज मुंबईला जाते. पूर्वेला वाहायचं पाणी शंभर वर्षांपासून पश्चिमेला, कोकणात, उतरतं आहे. एवढी नदी वळवायला नुसता इंजिनिअर पुरत नाही. सरकार सोबत लागतं.

ते होतं. लोणावळ्याजवळच्या पहिल्या प्रकल्पाची कोनशिला १९११ मध्ये बसवली ती मुंबईच्या गव्हर्नरांनी, जॉर्ज क्लार्क यांनी. पुढे मुळशीला जमिनी घ्यायची वेळ आली तेव्हा १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या कामी आला. सार्वजनिक हितासाठी सरकारने जमीन घ्यायची आणि कंपनीला द्यायची. मावळातल्या पन्नासावर गावांना हे सार्वजनिक हित मान्य नव्हतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती झाले. त्या काळात टाटांच्या बाजूने गव्हर्नरच्या कचेरीत कोण जाऊन बसत होतं, काय बोलत होतं, याची दखल आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत नाही. सत्याग्रहाची आहे. या धंद्याचं एक लक्षण यात दिसतं. काम चोख झालं तर ते करणाऱ्याचं नाव उरत नाही.

म्हणूनच ३१ जानेवारी १९९५ ला वॉशिंग्टनमध्ये जे घडलं ते मला फार दुर्मिळ वाटतं. त्या दिवशी या धंद्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याने, अगदी उघडपणे, नोंदीवर, हिशेब सांगून टाकला.

लिंडा पॉवर्स त्यांचं नाव. थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीत त्या अमेरिकेच्या वाणिज्य खात्यात उप-सहायक सचिव होत्या, सेवाक्षेत्राच्या व्यापाराचं काम पाहणाऱ्या. सरकारी खुर्चीतून उठून त्या ह्यूस्टनच्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीत गेल्या आणि जागतिक वित्तपुरवठ्याचं काम पाहू लागल्या. परदेशांना मदत द्यायची की नाही, किती द्यायची, हे ठरवणाऱ्या अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली. मुद्दा असा होता की विकसनशील देशांत खाजगी कंपन्या जे काम करतात ते सरकारी मदतीला जमत नाही. उदाहरण म्हणून त्यांनी कोकणात, गुहागर तालुक्यात एन्रॉन उभारत असलेला दाभोळचा वीजप्रकल्प दिला. भारतीयांना अशा प्रकल्पाची, त्याच्या अर्थकारणाची रीत समजावून सांगावी लागली. या शिक्षणावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने स्वतःचे सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, प्रकल्पाचा खर्च वेगळाच, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हाच्या दराने ही रक्कम साठ कोटी रुपयांवर जाते. बातमी मुंबईत पोचली आणि 'शिक्षण' हा शब्द महाराष्ट्राने पकडला. कुणाला शिकवलं? शाळा कुठे भरली होती? फी कुणी कुणाला दिली? कंपनीने नंतर खुलासा केला की यात वकील, सल्लागार, अभियंते, कार्यालयं असा सगळा खर्च आहे. भ्रष्टाचाराचा आरोप कुठल्याच न्यायालयात सिद्ध झाला नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो. तरी पॉवर्सबाईंचा शब्द मला अचूक वाटतो. कारण हा धंदा खरंच शिकवणीचा आहे. समोरच्या अधिकाऱ्याला आपली गरज ही त्याची गरज वाटायला लावायची, आपली भाषा त्याच्या टिपणीत उतरवायची. शिकवणी जमली की लाच द्यावीच लागत नाही.

आणि वर्ग किती लवकर सुरू झाला होता! १९९१ च्या ऑक्टोबरात केंद्राने वीजनिर्मिती खाजगी कंपन्यांना खुली केली. १९९२ च्या उन्हाळ्यात सचिवपातळीवरची मंडळी गुंतवणूकदार शोधायला परदेशी जाऊन आली. जूनच्या मध्याला एन्रॉनचे लोक मुंबईत उतरले आणि २० जून १९९२ ला राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करारावर सही झालीसुद्धा. इतर कुणाची निविदा नाही, स्पर्धा नाही. भोसरीत जादा वीस हॉर्सपॉवरचा लोड मंजूर व्हायला तेव्हा याहून जास्त दिवस लागत, हे आमच्या पट्ट्यातला कुणीही सांगेल. जागतिक बँकेने ३० एप्रिल १९९३ च्या पत्रात, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं कळवलं. तरी ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करार झाला. राज्याची हमी आली, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी आली. पैशाच्या बाजूला अमेरिकेची एक्झिम बँक आणि ओपिक ही सरकारी संस्था उभी राहिली. भागीदारीत एन्रॉन ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक १० आणि बेक्टेल १०.

हा करार नेमका काय होता? महावितरणचं बिल हातात घ्या. त्यात 'स्थिर आकार' अशी एक ओळ असते आणि 'वीज आकार' अशी दुसरी. महिनाभर घराला कुलूप लावून गावी गेलात तरी पहिली ओळ भरावीच लागते. वीजखरेदी करारातही हेच दोन भाग. प्रकल्प उभा आहे आणि चालायला तयार आहे म्हणून द्यायचे ते पैसे, आणि प्रत्यक्ष जाळलेल्या इंधनाचे पैसे. दाभोळचा पहिला भाग जबर होता. कंपनीने यंत्रं नव्वद टक्के वेळ सज्ज ठेवली की मंडळाने वीज घेवो न घेवो, पैसे चुकवायचे. तेही बऱ्याच अंशी डॉलरला बांधलेले. वीस वर्षांसाठी. लग्नाला गाडी लागेल म्हणून ट्रॅव्हल्सची बस वीस वर्षांच्या करारावर घ्यावी, रोज दारात उभी करावी, डिझेल आपलं, भाडं डॉलरमध्ये. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. २००१ मध्ये तो ४६ च्या पुढे गेला होता. कागदावरचा एक शब्द न बदलता भाडं दीडपट.

करार झाला, पण मग निवडणूक आली. गव्हर्नमेंट अफेअर्सच्या माणसाची खरी परीक्षा इथेच. ज्यांना शिकवलं ते विद्यार्थीच बदलले. १९९५ च्या प्रचारात शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली होती. मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. मुंड्यांच्या समितीने चौकशी केली आणि ३ ऑगस्ट १९९५ ला प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा विधिमंडळात झाली. गुहागरला फटाके वाजले असतील.

इथे दुसरी व्यक्तिरेखा येते, रेबेका मार्क. मिसुरीतल्या शेतकरी घरातली मुलगी, ह्यूस्टनच्या बँकेत ऊर्जा प्रकल्पांची कर्जं पाहत पुढे आलेली, मग हार्वर्डची पदवी, आणि एन्रॉनच्या परदेशी प्रकल्पांची सर्वेसर्वा. कार्डावर त्यांचं पद गव्हर्नमेंट अफेअर्सचं नव्हतं. पण दाभोळमध्ये त्यांनी केलेलं काम दुसरं काय होतं? कंपनीने एका हाताने लंडनला लवादाची नोटीस दिली आणि दुसरा हात बोलण्यासाठी पुढे ठेवला. नोव्हेंबर १९९५ च्या सुरुवातीला मार्क 'मातोश्री'वर जाऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. सत्ता कुठल्या इमारतीत आहे आणि निर्णय कुठल्या घरात होतो, यातला फरक त्यांना कळला होता. आमच्या बॅगवाल्याला टेबल कळतं, तसं. आठवड्याभरात फेरवाटाघाटींसाठी तज्ज्ञांचा गट नेमला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच्या शिफारशी तयार झाल्या.

बुडवलेला प्रकल्प वर आला तो फुगून. २,०१५ मेगावॅटचा २,१८४ झाला. आधी दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या हातात होतं. आता तो बंधनकारक झाला. दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणला, असं सरकारने सांगितलं आणि विजय साजरा केला. दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार मे १९९६ मध्ये पडता पडता, शेवटच्या तासांत, जी मोजकी कामं करून गेलं त्यात दाभोळच्या प्रतिहमीला मंजुरी हे एक. पाच वर्षांत राज्यात आणि केंद्रात जवळपास प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत बसला आणि प्रत्येकाच्या हातून या कागदावर काही ना काही उमटलं. या धंद्यातल्या माणसाच्या दृष्टीने बघितलं तर हे शिखर होतं. कौतुक वाटू नये, पण कसब नाकारता येत नाही.

तिसरी कारकीर्द फ्रँक विस्नर यांची. १९९४ ते १९९७ ते दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते, आणि दाभोळचा प्रश्न त्या काळात दूतावासाच्या टेबलावरून कधी हलला नाही. पद सोडल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १९९७ मध्ये, ते एन्रॉनच्या तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. या कंपनीचा पन्ना-मुक्ता आणि ताप्तीच्या क्षेत्रांत वाटा होता. बेकायदा यात काही नाही. पॉवर्स सरकारातून कंपनीत, विस्नर सरकारातून कंपनीत. दार एकच, फिरतं. आपल्याकडेही निवृत्त सचिव कंपन्यांत जातातच. फरक एवढाच की पॉवर्सबाईंची साक्ष अमेरिकेत नोंदीवर राहिली म्हणून ती आपल्याला वाचता आली. साक्षीच्याच वर्षी, १९९५ च्या अखेरीस, तिथे लॉबिंगवाल्यांनी कोणासाठी काय काम केलं ते जाहीर करण्याचा कायदा झाला. आपल्याकडे असा कायदा आजही नाही. इथे शिकवणी घेणाऱ्याची हजेरी कुठल्याच वहीत लागत नाही.

गुहागर तालुक्यातल्या लोकांना मात्र शिकवायला दुसरे गेले. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळीवस्तीत घुसले, दारं फोडली, बायकांना फरफटत गाडीत घातलं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये यावर एक जाड अहवाल काढला. त्याच वर्षी मे महिन्यात प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला.

आता पुण्यात येतो, कारण या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा भाग डेक्कनवरच्या एका दवाखान्यात आहे.

कर्वे रोडच्या तोंडाशी आठवले कॉर्नरला अमृता क्लिनिक. 'प्रयास' नावाची संस्था १९९४ मध्ये सुरू झाली तिचा पत्ता हाच. संस्थेत डॉक्टर होते, एड्सवर काम करणारे, आणि त्याच छपराखाली वीज या विषयाला वाहून घेतलेले दोन-चार इंजिनिअर. गिरीश संत हे त्यांतले प्रमुख, आयआयटी मुंबईचे. सोबत शंतनू दीक्षित, सुबोध वागळे. दाभोळचा करार गुप्त, आकडे गुप्त. पण प्रकरण पेटल्यावर बरेच कागद बाहेर आले होते. या लोकांनी ते घेतले आणि संगणकावर स्वतःचं गणित मांडलं: मंडळाला वीज लागणार किती, कधी, आणि घेतली नाही तर भुर्दंड किती. फेरवाटाघाटींनंतर दर उतरल्याचा जो दावा होता त्यातलाही मोठा भाग त्यांनी उलगडून दाखवला. इंधनाचे भाव आणि गृहीतकं बदलून आलेली घट ही वाटाघाटीची कमाई म्हणून दाखवली जात होती.

घोषणा देणारे पुष्कळ होते, त्यांचंही काम मोठं होतं. पण मंत्रालयातल्या माणसाला घोषणेला उत्तर द्यावं लागत नाही. आकड्याला द्यावं लागतं. एन्रॉनने ज्या विषयाची शिकवणी द्यायला दोन कोटी डॉलर घातले, तो विषय ही पोरं दवाखान्याच्या पत्त्यावर स्वतः शिकली. बाजू तेवढी वेगळी.

आणि पुढचं सगळं त्यांच्या गणितासारखं घडत गेलं. मंडळाला एवढी महाग वीज परवडेना, म्हणून ते कमी घेऊ लागलं. कमी घेतली की स्थिर आकार कमी युनिटांवर बसतो, म्हणून युनिट आणखी महाग. २००० च्या पावसाळ्यात दाभोळचं युनिट ७ रुपये ८० पैशांच्या घरात गेलं. बिलं थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने ७९ कोटींच्या बिलासाठी केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मंडळानेही करारातलंच एक कलम शोधलं. २८ जानेवारीला सांगितल्यावर कंपनीला ठरलेल्या तीन तासांत पूर्ण क्षमतेने वीज देता आली नाही, म्हणून ४०१ कोटींचा दंड लावला. कलमांच्या खेळात गडी उशिरा का होईना तयार झाला होता. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये अहवाल दिला आणि एका पक्षावर न थांबता सगळ्या सरकारांच्या आणि यंत्रणांच्या कारभारावर ठपका ठेवला. २९ मे २००१ ला दाभोळ बंद पडलं. जूनच्या अखेरीस अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींशी बोलताना हा विषय काढला, म्हणजे शिकवणी अजून चालूच होती. २ डिसेंबरला एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

मार्क त्याआधीच, ऑगस्ट २००० मध्ये, बाहेर पडल्या होत्या. पॉवर्स ऊर्जेच्या धंद्यातून निघून जैवतंत्रज्ञानात गेल्या आणि मेंदूच्या कर्करोगावर लस शोधणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुख झाल्या. दाभोळ २००५ मध्ये 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नावाने एनटीपीसी आणि गेलच्या पदरी आलं, अर्थात आपल्याच. या धंद्यातला माणूस पुढच्या नोकरीत जातो. करार जागेवर राहतो.

एन्रॉनचा धूर वर चढत होता त्याच सुमाराला, ऑगस्ट १९९९ मध्ये, महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. दर आता मंत्रालयात ठरणार नव्हते. याचिका, हरकती, जाहीर सुनावणी आणि मग कारणं देऊन आदेश, अशी रीत आली. पहिल्याच फेरीत गंमत झाली. वर्षानुवर्षं मंडळ सांगत होतं की आमची वीजगळती पंधरा-अठरा टक्के. प्रश्न विचारले गेले तेव्हा ती एकतीस टक्क्यांच्या आसपास निघाली. फरकातली वीज इतकी वर्षं शेतीपंपांच्या नावावर टाकलेली होती. शेतकऱ्याने न वापरलेल्या विजेसाठी त्याला शिव्या घालत आम्ही शहरातले लोक बिलं भरत होतो.

आयोगामुळे या धंद्याचं रूप बदललं. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर ओळख असणं पुरेसं राहिलं नाही. शपथपत्र लिहिता यायला हवं. कंपन्यांनी 'रेग्युलेटरी'चे वेगळे विभाग काढले आणि त्यात वकील, चार्टर्ड अकाउंटंट, इंजिनिअर भरले. प्रयासमध्ये शिकलेल्या पद्धती समोरच्या बाजूलाही वापरल्या जाऊ लागल्या. ग्राहकांच्या बाजूने मुंबई ग्राहक पंचायतीचे अशोक पेंडसे, इचलकरंजीचे प्रताप होगाडे, पुण्याचे विवेक वेलणकर अशी माणसं वर्षानुवर्षं याचिकांची बाडं उपसत राहिली. याला पगार नाही, कार्ड नाही. गिरीश संत फेब्रुवारी २०१२ मध्ये दिल्लीत अचानक गेले, पन्नाशीच्या आत.

२००६ चा उन्हाळा आमच्या पट्ट्याला आठवतो. राज्यभर भारनियमन. पुण्याच्या उद्योजकांनी, सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने, आयोगापुढे एक विचित्र प्रस्ताव ठेवला. शहराला कमी पडतात नव्वदेक मेगावॅट. आमच्या कारखान्यांत डिझेल जनरेटर धूळ खात पडलेत. गर्दीच्या तासांत आम्ही ते चालवू, ग्रीडची आमची वीज शहराला द्या. डिझेलचा जादा खर्च पुणे-पिंपरी-चिंचवडच्या ग्राहकांनी थोडा थोडा उचलावा, गरीब घरं वगळून. आयोगाने मान्यता दिली आणि शहरातलं भारनियमन थांबलं. 'पुणे पॅटर्न' म्हणून त्याचा गवगवा झाला. कंपन्यांच्या हिताचं काम सगळ्यांच्या हिताचं होऊ शकतं याचं हे बरं उदाहरण, आणि सुनावणीत उघड मांडलं म्हणून ते पचलं. मला आठवतो तो मात्र आवाज. संध्याकाळी भोसरीच्या बाजूला जनरेटर धडधडत, डिझेलचा वास कासारवाडीपर्यंत येई, आणि सदाशिव पेठेत पंखे फिरत. ज्यांच्या नाकाशी धूर होता त्यांना वास मोजून कुणी सूट दिली नाही.

सुनावणी म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. २०२५ च्या मार्चअखेर आयोगाने दर उतरवणारा आदेश काढला, आणि शाई वाळायच्या आत महावितरणच्या विनंतीवरून त्याला स्थगितीही दिली. जूनमध्ये बदललेला आदेश आला. छतावर सोलर टाकून बसलेल्या भोसरी-चाकणच्या कारखानदारांनी तीन महिन्यांत तीनदा नफ्याची गणितं केली.

काही वर्षांपूर्वी मी पुण्याच्या कौन्सिल हॉलमधल्या अशा एका सुनावणीला बसलो होतो. वर आयोगाचे सदस्य, खाली खुर्च्या भरलेल्या. महावितरणचं सादरीकरण, मग एकेक हरकतदार. कुणी चुकीच्या बिलावर घसा कोरडा केला, कुणी आकड्यांचे तक्ते दाखवले. एक गृहस्थ उठले. हातावर ग्रीसचे न निघणारे डाग, चष्म्याला मागे दोरी. कासारवाडीला त्यांचे तीन लेथ. त्यांनी एवढंच सांगितलं की जॉब अर्धा कापलेला असताना वीज झटकन गेली की टूल तुटतं, जॉब भंगारात जातो, आणि वीज दोन मिनिटांत परत येते म्हणून तुमच्या नोंदीत ती गेलेलीच नसते. मग तीन महिन्यांची वही काढली. तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठलं टूल तुटलं, त्याची किंमत. सदस्यांनी ती वही मागून घेतली आणि पानं उलटली.

बाहेर चहाला त्यांच्यामागे एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात एका वीज कंपनीच्या रेग्युलेटरी विभागाचं ओळखपत्र. "काका, त्या वहीची प्रत मिळेल का? आमच्या फाइलला फार उपयोगी आहे."

"कुणाच्या बाजूने लावणार?" काकांनी विचारलं.

पोरगा हसला, पण उत्तर दिलं नाही. काकांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, कप ठेवला, आणि "झेरॉक्सचे पैसे तू द्यायचे" म्हणून त्याला घेऊन दुकान शोधायला निघाले. घाई नव्हती. गुरुवार होता, लेथ बंद होते.